तुझ्या डोक्यातलं लेकरू

दादा, तुला जाऊन आज नववा दिवस. ओसरीत माणसं बसली आहेत आणि सगळी तुझ्याबद्दल चांगलंच बोलताहेत. तुझा हात थरथरायला लागल्यावर ज्या गावानं पूजेची पाळी काढून घ्यायची भाषा केली होती, तेच गाव आता म्हणतंय की असा गुरव पुन्हा होणे नाही. मला काही हे पटत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, सुमे, तुला कधी काय पटलंय?

खरंच आहे ते. आई गुळाचे खडे वाटायची तेव्हा तुझा खडा आणि माझा खडा शेजारी ठेवून बघणारी मी. पुढे नर्स झाले, सेनगाव तालुक्यातल्या उपकेंद्रात सारी नोकरी काढली आणि संशय आणखी पक्का झाला. सून पाय घसरून पडली असं कोणी सांगितलं की मी आधी सासूच्या तोंडाकडे बघायची. लसीच्या डब्यातला बर्फ शाबूत आहे म्हटलं तरी झाकण उघडून बोट घालायची. आणि तू एकदम दुसरं टोक. गाडी येऊन राहिली असं कोणी वाटसरू म्हणाला की तू शिरडशहापूरच्या फाट्यावर तासन्‌तास उभा. एका आईच्या पोटची दोन माणसं अशी कशी निघाली, हे आईलाही कधी कळलं नाही.

तुझा आजारही आधी माझ्याच नजरेला आला. तू बेलाची पानं निवडत बसला होतास आणि उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलत होता, तिथे नसलेली जपमाळ ओढावी तसा. मी विचारलं तर म्हणालास, थंडी वाजते. वैशाखात कसली थंडी. मी तुला ओढत नांदेडला नेलं. मेंदूच्या डॉक्टरांनी तुला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि कंपवात म्हणून सांगितलं. मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात, गोळ्यांनी निभतं, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्या गोळ्यांवर काही वर्षं बरी गेली. मग गोळीचा असर लवकर उतरायला लागला.

इतरांना त्यात एक म्हातारा थरथरताना दिसत होता. मला माहीत होतं तुझं काय जाणार आहे ते. पिंडीला स्नान घालून, तीन बोटं भस्मात बुडवून, एका दमात आडवे तीन पट्टे ओढायचे. पुसायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. बाबांचा हात तसा होता, मग तुझा झाला. ते पट्टे नागमोडी यायला लागले तेव्हा दर्शनाला येणाऱ्या बाया एकमेकींकडे बघायच्या. एका सोमवारी अभिषेकाचं तांब्याचं भांडंच तुझ्या हातून पिंडीवर आदळलं. त्यानंतर चुलतभावाच्या घरात कुजबुज सुरू झाली, की पुढची पाळी आपणच धरावी, देवाला कशाला तकलीफ. तू मला एवढंच म्हणालास, की मेलो तरी चालेल पण गाभाऱ्याच्या बाहेर बसून दुसऱ्याचे पट्टे बघवणार नाहीत.

तेवढ्यात तुझ्या पोराला, प्रमोदला, त्याच्या पुण्याच्या नोकरीत बसल्या बसल्या मोबाइलवर तो दवाखाना सापडला. लांबच्या शहरातला, काचेचा. गर्भात असताना गेलेल्या लेकराच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी घेतात आणि म्हाताऱ्या मेंदूत घालतात, असं त्यांचं म्हणणं. ते तू मला सांगायला हिंगोलीला माझ्या घरी आलास. तुझा चेहरा अजून डोळ्यापुढे आहे.

"सुमे, मिरचीचं रोप लावतेत ना, तसं लावतेत म्हणं डोक्यात. धरलं की वाढतंय."

मी म्हटलं, "कोणाचं लेकरू?"

तुझ्या डोक्यात तो प्रश्न आलाच नव्हता. मग मी सोडलं नाही. पोट पाडायला आलेल्या बाया मी बघितल्या आहेत, दादा. कोणी नवऱ्यानं आणलेली, कोणी सासूनं, कोणी एकटीच तोंडाला पदर लावून आलेली. कागदावर अंगठा कुठे उठवायचा तेवढंच त्यांना कळायचं. मी विचारलं, त्या बाईला कोणी सांगितलं का, की तुझ्या पोटातलं आम्ही ठेवून घेणार आहोत आणि एका गुरवाच्या डोक्यात लावणार आहोत? आणि सांगितलं असलं तर ती हो म्हणाली का? तू चहा न पिताच उठलास.

मी नांदेडच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, असे प्रयोग परदेशात खरोखर झाले आहेत. कवटीला भोक पाडून पेशी आत सोडाव्या लागतात. काही माणसं सुधारली, काहींचे हातपाय नको तेव्हा आपोआप उडायला लागले. तो अजून अभ्यासाचा विषय आहे, जाऊन विकत घ्यायचा इलाज नाही. मी तुला जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालास, उंटावरून शेळ्या हाकू नको, ज्याचं जळतं त्याला कळतं. आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, जायचं तर जा, मी येणार नाही.

येणार नाही म्हटलं आणि गेले नाही. ही माझी पहिली चूक. मी तिथे असते तर दाराला कान लावून उभी राहिले असते, हे तुलाही माहीत होतं. मला कधी कधी वाटतं, म्हणूनच तू मला फार आग्रह केला नाहीस.

निघण्याआधी दोन आठवडे जुन्या गोळ्या बंद करा, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मेंदू रिकामा लागतो म्हणे. तू लाकडासारखा कडक झालास. प्रमोदनं आणि जीपवाल्यानं तुला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं, आणि तो गेलेला माणूस आठवड्यानं स्वतःच्या पायांनी उतरून घरात आला. डोक्यावर एका बाजूला केस काढलेले, त्यावर पांढरी पट्टी. गाव बघायला लोटलं. मी पाचव्या दिवशी आले, तर तू मागच्या खोलीत वेगळं अंथरूण टाकून बसलेला. देवळाकडे फिरकला नव्हतास. पूजा चुलतभाऊ करत होता. ज्या पाळीसाठी एवढा जीव टाकलास, ती तू आपल्या हातानं त्याला दिली होतीस. मी घाबरले. म्हटलं, काहीतरी बिघडलं आहे आणि हा लपवतोय.

"काहून बसला इथं?"

"सुतक हाय."

भावकीत कोणी गेलेलं नव्हतं. वहिनी कपाळाला हात लावून उभी होती. तू मला समजावून सांगितलंस, जणू मीच अडाणी. लेकरू गेलं म्हणजे मेलं. त्याच्या पेशी तुझ्या डोक्यात आल्या म्हणजे ते तुझ्या नात्यातलं झालं. नात्यातलं लेकरू गेलं तर सुतक नको का? तू गावातल्या भटजींनाही विचारून आला होतास. ते बिचारे पेचात पडले. मेलेल्याचं म्हणून सुतक धरायचं, का तुझ्यात येऊन जिवंत झालं म्हणून सोयर धरायचं? शेवटी म्हणाले, गुरवबुवा, पोथीत हे न्हाई, तुमच्या मनाला विचारा. तुझ्या मनानं दहा दिवस सांगितले.

मी पोट धरून हसले होते. वहिनीसुद्धा हसली. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "तूच इचारलंस ना, कोणाचं लेकरू? त्याला कोणीबी न्हाई, तर माझं तर असू दे."

दादा, तो प्रश्न मी तुला अडवायला टाकला होता. तू त्याला उत्तर शोधत बसलास. सगळ्या काचेच्या दवाखान्यात त्या लेकरासाठी कोणी दोन मिनिटं थांबलं नसेल, आणि तू दहा दिवस देवाला शिवला नाहीस. याबद्दल मी तुझे पाय धरायला हवे होते.

दहा दिवस झाल्यावर तू वहिनीला घेऊन हिंगोलीला आलास आणि त्या अनोळखी आईसाठी साडीचोळी घेतलीस. रंगावरून दुकानात तुमचं वाजलं. वहिनी म्हणाली, जिचं लेकरू गेलं तिला हिरवी कशी द्यायची. मग निळी घेतली. प्रमोदनं दवाखान्यात फोन केला, तर तिथल्या बाईनं हिंदीत सांगितलं की भेज दीजिए, पहुँच जाएगी. सगळे खूश झाले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. नावगाव सांगता येत नाही, आईची ओळख गुप्त ठेवावी लागते, असं ती बाई म्हणाली असती तर मी एखादे वेळी विश्वास ठेवला असता. कोणती आई, कोणतं लेकरू, एक शब्द न विचारता तिनं साडी ठेवून घेतली. मला अजून वाटतं, ती तिथलीच कोणीतरी नेसली असेल.

आणि तरीही तो श्रावणातला सोमवार मी नाकारणार नाही. गाभाऱ्यात तू पिंडीपुढे बसलास, तीन बोटं भस्मात बुडवलीस आणि ओढलीस. सरळ. बाबांसारखी. बायांनी हात जोडले, चुलतभावानं मान खाली घातली. तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी दाराच्या चौकटीला धरून रडत होते. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मीही विश्वास ठेवला. म्हटलं, सुमन, सगळं जग काही तुझ्या उपकेंद्रासारखं नसतं.

पण जित्याची खोड. दवाखान्यानं एक तपकिरी बाटली दिली होती, चिठ्ठी नाही, नाव नाही, आत कॅप्सूल. पेशींना खुराक म्हणून. मी चार दिवस तुझ्या घरी राहिले आणि घड्याळ बघत बसले. कॅप्सूल घेतली की पाऊण तासानं तुझा हात थांबायचा. चार तास उलटले की अंगठा पुन्हा हलायला लागायचा. पेरलेलं रोप असं घड्याळ बघून उगवत नाही आणि मावळत नाही. असं तुझ्या जुन्या गोळीनं व्हायचं. मग मला सगळं उलगडलं. आधी गोळी बंद करून माणसाला लाकूड करायचं, मग तीच गोळी जास्तीच्या मापानं दुसऱ्या कपड्यात घालून द्यायची. माणूस उठून चालायला लागला की चमत्कार. कॅप्सूल तपासून घेतली नव्हती, तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही. एवढंच, की नांदेडचे डॉक्टर माझं ऐकून घेऊन म्हणाले, मलाही तसंच वाटतं.

शेवटचा पुरावा मी माझ्या हातानं घेतला. रविवारची दुपार होती, तू अंगणात पाटावर बसला होतास आणि मी म्हटलं, ये, डोक्याला तेल लावून देते. लहानपणी तू मला लावून द्यायचास तसं. तुला वाटलं बहिणीला माया आली. माया होतीच, पण बोटं नर्सची होती. मी त्या वणाच्या जागेवर दाबून बघितलं. कवटीला भोक पाडलं असेल तर बोटाला खळगा लागतो. वरच्या कातडीला दोन टाक्यांचा व्रण होता आणि खाली हाड सगळीकडे सपाट, अखंड. तुझ्या कवटीला कोणी हात लावला नव्हता. आत कोणी गेलेलं नव्हतं.

तू डोळे मिटूनच म्हणालास, "काय हुडकून राहिली, सुमे?"

मी तेलाची वाटी जवळ ओढली.

"तू सांग. तू खोटं बोलत न्हाईस. हाय का भोक?"

"हाय," मी म्हटलं. "भरत आलंय, पण हाय."

"म्हंजे लेकरू आत गेलं."

"व्हय. गेलं."

तू मान मागे टाकलीस, तिचा सारा भार माझ्या हातात. एवढं निवांत मी तुला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. काहून बोलले मी तसं? नोकरीत मी बायांना त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे, बाळाचे ठोके लागत नाहीत. तेव्हा जीभ अडखळली नाही. तुझ्या दहा दिवसांपुढे अडखळली. मला वाटलं, एका माणसाला एक खोटं, त्यात कोणाचं काय जातं.

तू मात्र ते तुझ्यापुरतं ठेवलं नाहीस. पारावर, देवळात, लग्नात, जिथे बसशील तिथे सांगायचास: माझी बहीण नर्स हाय, सख्ख्या भावाचं ऐकत न्हाई इतकी संशयी, तिनं बोट लावून बघितलं. काचेच्या दवाखान्याला जे प्रमाणपत्र कुठे मिळालं नसतं ते माझ्या संशयखोरपणानं दिलं. मला कळत होतं. मी तुला आता उगाच बोलू नको म्हणायची, आणि तुला वाटायचं मी लाजतेय.

पुढे कॅप्सूलही पुरेना. तू म्हणायचास, लेकरू थकलंय. गिळायला त्रास व्हायला लागला, मग एक घास श्वासनळीत गेला, छातीत न्यूमोनिया भरला आणि आठ दिवसांत तू आटोपलास. त्या आठ दिवसांत मी तीनदा तुझ्या कानाशी वाकले. तीनदा पाणी हवंय का एवढंच विचारून सरळ झाले. तुला श्वास पुरत नव्हता, आणि मी तुझ्याजवळचं तेवढं एक काढून घ्यायचं म्हणत होते. नाही जमलं.

तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. बाबा मला नर्सिंगला पाठवायला तयार नव्हते. पोरीची जात, परगावी राहायचं, पुरुषांच्या अंगाला हात लावायचा. तू बाबांपुढे उभा राहिलास आणि म्हणालास, आमच्या सुमीला कोणी फसवू शकत न्हाई, तिला जाऊ द्या. त्या एका वाक्यावर माझा सगळा जन्म उभा राहिला.

आता कालचं सांगते. ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

काल दुपारी पुसेगावहून एक जोडपं भेटायला आलं. मुंजाजी नावाचे शेतकरी, साठीच्या आतले, आणि त्यांची बायको. मुंजाजींना ओसरीतल्या दोघांनी धरून बसवलं. चेहरा दगडासारखा, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, हात छातीशी घट्ट. मी बघताक्षणी ओळखलं. बाई वहिनीजवळ रडली आणि मग माझ्याकडे वळली. तू त्यांना एका लग्नात भेटला होतास. दोन दिवसांनी गाडी धरून ते त्याच दवाखान्यात जाणार होते. गोळ्या बंद करून बारा दिवस झाले होते.

"बुवांनी सांगितलं होतं," ती म्हणाली, "का माझ्या बहिणीला इचारा. तुमी बोट लावून बघितलं म्हणं. एकदा तुमच्या तोंडून ऐकावं म्हणून आलो, ताई. हाय ना बराबर?"

ओसरी भरलेली होती. चुलतभाऊ होता, भटजी होते. वहिनी माझ्या शेजारी, भिंतीला टेकून. मला पळून जावंसं वाटलं. मग मुंजाजींकडे बघितलं. त्यांचे डोळे तेवढे हलत होते.

मी म्हटलं, "न्हाई. भोक नव्हतं. आत काहीच घातलं नव्हतं. मी भावाला खोटं सांगितलं."

बाईला ते समजायलाच वेळ लागला. मग तिनं विचारलं, मग बुवा बरे झाले ते कशानं? मी म्हटलं, तुम्ही बंद केलेल्या गोळीनं, मला तरी तसंच दिसतं. गोळ्या तिच्या पिशवीतच होत्या, फडक्यात बांधलेल्या. मी नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच. म्हणाले, अचानक बंद केल्यानं माणूस दगावतो, आत्ता अर्धी द्या आणि उद्या माझ्याकडे आणा. मी गोळी मोडली, पाण्यात विरघळवली आणि चमच्यानं पाजली. तासाभरानं त्यांची मूठ थोडी सैलावली. आधी एक बोट, मग दुसरं. ती माऊली त्या बोटांना धरून रडली. मीही रडले, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं. आज सकाळी ते दोघं नांदेडला गेले.

वहिनी तेव्हाच उठून आत गेली. कालपासून माझ्याशी बोललेली नाही. सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले तर एवढंच म्हणाली, "वन्सं, ते जिवंत असताना सांगायचं होतं, न्हाईतर कधीच न्हाई." चुलतभाऊ पारावर सांगत सुटला असणार, गुरव फसला, दहा दिवस हवेचं सुतक धरून बसला. ऐकणारे हसतही असतील. तुझं लेकरू मी भर ओसरीत, तुझे दिवस व्हायच्या आधी, माझ्या तोंडानं काढून टाकलं.

मुंजाजीसाठी मला पुन्हा तेच करावं लागलं तर मी पुन्हा करीन. पण तुझ्यापाशी माझं काय तोंड राहिलं? जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला, दादा. गुळाच्या खड्यापासून तुझ्यावरही घेतला. तू माझ्यावर एकदाही घेतला नाहीस. त्या दुपारी तरी घ्यायचास रे.